शेळी उदास आहे

आमच्या सिनेमाच्या मुख्य कलाकाराशी झालेला करार अडीच पानांचा होता. शेळीची फाइल बोटभर जाड झाली.

सिनेमात प्राणी दाखवायचा तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची शूटिंगआधी परवानगी लागते आणि शूटिंग झाल्यावर, सेन्सॉरला जायच्या आत, ना-हरकत प्रमाणपत्र. मालकाचं संमतिपत्र, पशुवैद्याचा दाखला, शिवाय प्रत्येक प्रसंगात प्राणी नेमकं काय करणार याचा तपशील. मी संहिता घेऊन अर्ज भरायला बसले. प्रसंग ४, शेळी पाला खाते. ठीक. प्रसंग ११, शेळी दारात बसली आहे. तेही ठीक. प्रसंग ३७ मध्ये दिग्दर्शकानं एकच ओळ लिहिली होती : ‘शेळी उदास आहे.’

रात्री साडेदहाला त्याला फोन लावला.

“अरे, ही उदास कशी होणार?”

“होईल ताई. तुम्ही नका काळजी करू.”

“मी काळजी करत नाहीये, अर्ज भरतेय. उदास म्हणजे ती करते काय?”

तिकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, “उभी राहते.”

मी लिहिलं, ‘शेळी उभी राहते.’

निर्माता नेमकं करतो काय, असं कोणी विचारलं की मी हा किस्सा सांगते. अर्धं काम हे असतं. उरलेलं अर्धं काम वहीत असतं. अप्पा बळवंत चौकातून आणलेली लांबट हिशेबाची वही, डाव्या पानावर ‘यायचे’, उजव्या पानावर ‘द्यायचे’, आणि प्रत्येक आकड्यापुढे तारीख. वीस वर्षांत अशा सतरा वह्या भरल्या. आमच्या धंद्यात रक्कम थोडी इकडेतिकडे झालेली चालते. डावीकडची तारीख उजवीकडच्या तारखेच्या पुढे गेली की मात्र झोप जाते. माझ्या सासूबाईंची अजून अशी समजूत आहे की निर्माता म्हणजे ज्याच्याकडे पैसे असतात तो. मी त्यांना कित्येकदा सांगून पाहिलं, की ज्याच्या नावावर उधारी असते तो.

स्वतंत्र निर्माती म्हणजे काय, तर पाठीशी स्टुडिओ नाही, चॅनेल नाही, वडिलांची गिरणीही नाही. मी या धंद्यात शिरले ती पावत्यांमुळे. १९९७ साली कॉलेजची एकांकिका पुरुषोत्तम करंडकाला होती. मला अभिनय येत नव्हता, लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरचं सामान, आणि चहा माझ्याकडे आला. भरत नाट्य मंदिराच्या मागच्या दारात उभं राहून मी टेम्पोवाल्याला पंचवीस रुपये कमी दिले आणि पावती जपून ठेवली. आमच्या गटातले नट पुढे बँकेत गेले, लेखक आयटीत गेला. पावत्या ठेवणारी तेवढी याच लाइनीत राहिली.

२००४ मध्ये मुंबईला एका मालिकेवर प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून लागले. अल्फा मराठीचं झी मराठी व्हायला अजून काही महिने होते आणि रोज चालणाऱ्या मालिकांचा काळ जोरात सुरू झाला होता. सोमवारी पहाटे पुणे स्टेशन, दादरला उतरायचं, तिथून सेट, आणि शनिवारी रात्री परत. पाच वर्षांत असिस्टंटची मॅनेजर झाले, मॅनेजरची कार्यकारी निर्माती झाले. या काळात शिकले ते एवढंच, की सेटवर आवाज चढवणाऱ्या माणसापेक्षा जेवण वेळेवर आणणारा माणूस मोठा. स्पॉटदादा रागावले तर पूर्ण युनिट रागावतं, आणि ते का रागावलेत हे कोणी सांगत नाही.

२०१० मध्ये पुण्यात स्वतःची संस्था काढली. एरंडवण्यातल्या एका खोलीत, लॉ कॉलेज रोडपासून चालत पाच मिनिटांवर. ही जागा मुद्दाम घेतली. १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली, त्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, १९६४ मध्ये फिल्म आर्काइव्ह आलं. त्यामुळे या रस्त्याच्या आसपास, पेइंग गेस्टच्या खोल्यांतून, कुठल्याही दिवशी दोन संकलक आणि तीन ध्वनिमुद्रक रिकामे सापडतात. पुण्यात सिनेमा शिकवला जातो, पाहिला जातो आणि त्यावर रात्री दोनपर्यंत भांडण होतं. त्याला लागणारा पैसा मात्र अंधेरीला राहतो.

पहिली दोन वर्षं कारखान्यांच्या फिल्मा केल्या. भोसरी, चाकण, रांजणगाव. हेल्मेट घाला, मशीन बंद केल्याशिवाय हात घालू नका, आग लागली तर कुठल्या दारानं पळा. कमीपणा वाटायचा, पण पैसे तीस दिवसांत यायचे आणि निम्मे आगाऊ. माझ्या संस्थेची सर्वांत जास्त लोकांनी पाहिलेली कलाकृती आजही ‘फोर्कलिफ्ट सुरक्षितपणे कसा चालवावा’ हीच आहे, आणि मी हे आता न लाजता सांगते.

मग २०१२ मध्ये मालिका मिळाली. कुठल्या चॅनेलची ते राहू दे. पेढे वाटले, घरी पूजा घातली.

मालिकेचं गणित बाहेरच्याला कळत नाही, म्हणून मांडते. आम्हाला एपिसोडमागे ९५ हजार मंजूर झाले होते. आठवड्याला सहा एपिसोड, महिन्याला २६. म्हणजे महिन्याचं बिल २४ लाख ७० हजार. हे बिल एपिसोड दिल्यावर लावायचं आणि पैसे नव्वद दिवसांनी यायचे. याचा अर्थ पहिला रुपया हातात पडेपर्यंत तीन महिन्यांचं शूटिंग, जवळजवळ ७४ लाख, माझ्या जिवावर चालणार. कलाकारही नव्वद दिवसांवर काम करतात, ती रीतच आहे, त्यामुळे थोडी हवा मिळते. पण केटरर नव्वद दिवस थांबत नाही. डिझेलवाला थांबत नाही. ज्या बंगल्यात शूटिंग चालतं त्याचा मालक तर एक दिवसही थांबत नाही. बरं, एवढं करून मालिका माझी नाहीच. कथा, पात्रं, नाव, सगळं चॅनेलचं. मी ती बनवून देणारी कंत्राटदार.

आमची मालिका ८७ व्या एपिसोडला बंद झाली. प्रेक्षकसंख्येचे आकडे आले नाहीत म्हणून बंद केली, त्यात गैर काही नाही. पण बंद होणार हे कळलं तेव्हा बँकेत अकरा एपिसोड तयार होते. ही बँक म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले एपिसोड. जितकी मोठी बँक तितका निर्माता सुखी, असं सगळे म्हणतात. मालिका गुंडाळायची ठरल्यावर कथेचा शेवट बदलला, त्या अकरांतले सहा वाया गेले आणि त्यांचं बिल कोणाच्या नावावर टाकायचं हा वाद दीड वर्ष चालला. शेवटी मी तो सोडून दिला. सेटचं प्लायवूड भंगारात विकलं. त्यातून वाचलेलं एक दार आमच्या ऑफिसला लावलंय, ते उघडताना अजून कुरकुरतं.

पुन्हा फोर्कलिफ्ट.

सिनेमा माझ्याकडे २०१७ मध्ये आला. दिग्दर्शक इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडून चार वर्षं झालेला, पुरंदर तालुक्यातला, गावाकडच्या म्हातारीची आणि तिच्या शेळीची गोष्ट घेऊन आला. सिनेमाचं नाव इथं घेत नाही. त्याचा पुढचा सिनेमा आता उभा राहतोय, माझ्या जुन्या उधारीच्या कहाणीत त्याला ओढायला नको. संहिता वाचली आणि रडले. ही वाईट खूण असते. जी संहिता वाचून निर्माता रडतो तिचं बजेट तो नीट वाचत नाही.

बजेट झालं ८४ लाख, रिलीजचा खर्च वेगळा. चित्रपटाला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा १९९८ मध्ये झाली हे खरं, पण त्या दर्जाचा कागद घेऊन माझ्यासारखी बाई बँकेत गेली तर मॅनेजर चहा पाजतो आणि तारण काय आहे ते विचारतो. तारण होतं घर. त्यावरच्या कर्जाला टॉप-अप घेतला, २२ लाख. भोसरीचे दोन कारखानदार, ज्यांच्या सुरक्षेच्या फिल्मा मी केल्या होत्या, त्यांनी पंधरा-पंधरा दिले. एका डॉक्टरांनी दहा. झाले ६२. उरलेले २२ लाख कोणी दिलेच नाहीत, म्हणजे आम्ही ते मागे ठेवले. पोस्टचा, म्हणजे शूटिंगनंतरच्या संकलन-ध्वनीच्या कामाचा स्टुडिओ, कॅमेरा भाड्यानं देणारा, मुख्य दोन कलाकार आणि कॅमेरामन यांनी निम्मं मानधन ‘सिनेमा विकला गेल्यावर’ घ्यायचं कबूल केलं. कागदावर तसं लिहून दिलं. ही २२ लाखांची ओळ उजव्या पानावर होती आणि तिच्यापुढच्या तारखेच्या रकान्यात मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

एक बिल्डरही आला होता, पन्नास लाख एकरकमी घेऊन. अट एवढीच, की त्याच्या भाच्याला रोल. दिग्दर्शक म्हणाला, गोष्टीत तरुण मुलगाच नाही. बिल्डर म्हणाला, मग घाला. मी दोन दिवस विचार केला, हे कबूल करते.

शूटिंगबद्दल फार सांगत नाही. २२ दिवस, मुक्काम सासवडच्या लॉजवर, सकाळी सहाला गाड्या निघायच्या. जानेवारी २०१८, कडाक्याची थंडी. ग्रामपंचायतीचा ठराव, पोलीस ठाण्याचं पत्र, शाळेच्या मुख्याध्यापकांची परवानगी, हे सगळं आधीच झालेलं. सिंक साउंड होता, म्हणजे आवाज जागेवरच टिपायचा, नंतर डबिंग नाही. नवव्या दिवशी गावात हरिनाम सप्ताह बसला.

ही तारीख आम्हाला कशी कळली नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. सगळ्यांना विचारलं होतं, एक देवळातल्या लोकांना सोडून. पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत चार कर्णे, त्यातला एक थेट आमच्या म्हातारीच्या घराकडे तोंड करून. ध्वनिमुद्रक हेडफोन गळ्यात टाकून बांधावर जाऊन बसला. दिग्दर्शक म्हणाला, दोन दिवस थांबू. एक दिवस थांबायची किंमत दोन लाख.

मी साडी नेसले आणि देवळात गेले. साडी मुद्दाम. सप्ताहाचे पुढारी म्हणजे गावातले निवृत्त कंडक्टर, अंगात स्वेटर, डोक्याला उपरणं. त्यांना म्हटलं, “दादा, आवाज बंद करा असं मी म्हणणार नाही. तो एक कर्णा दुसऱ्या बाजूला फिरवला आणि दुपारी बारा ते चार पारायण विनामाइक झालं, तर आमचं भागेल.”

“आणि देवाचं?” ते म्हणाले.

“काल्याच्या आदल्या दिवशीची पंगत आमच्याकडून.”

त्यांनी मान डोलावली. मग हळूच विचारलं, “शेळी खरंच कॅमेऱ्यात येते का हो?” चारशे माणसांची पंगत झाली, शिरा, भात, आमटी. आमच्या लाइटमननी वाढलं. हिशेबात ही नोंद ‘ध्वनी विभाग, इतर’ या सदराखाली आहे. आमच्या सीएला ती अजून पटलेली नाही.

आता शेळीकडे परत येते. शेळीनं चोख काम केलं, उभी राहिली. घोळ आम्ही घातला. संकलन करताना लक्षात आलं की प्रसंग २२ मध्ये, म्हातारी अंगणात झाडत असताना, मागून एक कोंबडी आणि तिची पाच पिल्लं जातात. कोंबडी अर्जात नव्हती. ती आमची नव्हतीच, शेजारची, आपल्या कामाला चालली होती. पण दिसतो तो प्रत्येक प्राणी सांगायचा असतो, आणि सहाय्यकानं त्या दिवसाच्या टिपणात ‘कोंबडी’ लिहिलं नव्हतं. दिग्दर्शकाच्या मते तो सिनेमातला सर्वांत सुंदर शॉट होता. अकरा सेकंद. तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. शेवटी शॉट कापला. आमचा पहिला कागद चेन्नईला गेला होता, दरम्यान बोर्डाचं कार्यालय हरियाणात बल्लभगडला गेलं, आणि शेवटचं पत्र तिकडून आलं. तेव्हापासून माझ्या सेटवर एका माणसाला फक्त हे काम आहे की फ्रेममध्ये कोण शिरलं ते लिहायचं. चिमणीसकट.

नोव्हेंबर २०१८ मध्ये गोव्याला फिल्म बाजारला गेले. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, म्हणजे एनएफडीसी, २००७ पासून इफ्फीच्या, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत हा भरवते. एका बाजूला महोत्सवात लोक सिनेमे पाहत असतात आणि दुसऱ्या बाजूला हॉटेलात आम्ही ते विकायला बसलेलो असतो. पंधरा-पंधरा मिनिटांच्या भेटी. परदेशी लोक फार गोड बोलतात. ‘फार हळुवार आहे’ म्हणाले की समजायचं, घेत नाहीत. ६३ व्हिजिटिंग कार्डं घेऊन आले. त्यांतलं एक पुढे उपयोगी पडलं, ते सांगतेच.

सेन्सॉर सरळ झालं. म्हातारी मिश्री लावते म्हणून सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी जाहिरात आणि त्या प्रसंगात खाली इशाऱ्याची ओळ. दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला, पण इतकंच. ‘यू’ मिळालं.

आणि मग रिलीज. इथं सावकाश सांगायला हवं, कारण सिनेमा करताना माणूस जितका पैसा घालवतो त्याहून जास्त वेगानं तो रिलीजमध्ये घालवतो.

पोस्टर, होर्डिंग, ट्रेलर, रेडिओ, पत्रकार परिषद, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, आणि दर पडद्यामागे डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क, ज्याला व्हीपीएफ म्हणतात. पडदा चालो न चालो, ते निर्माता भरतो. ३१ लाख लागणार होते. माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. एका फायनान्सरनं दिले, महिना अडीच टक्के व्याजानं. महिन्याला ७७ हजार ५०० रुपये. बदल्यात लॅब लेटर. पूर्वी निगेटिव्ह लॅबमध्ये असायची आणि फायनान्सरच्या परवानगीशिवाय ती बाहेर द्यायची नाही असं लॅब लिहून द्यायची. आता निगेटिव्ह नाही, हार्ड डिस्क आहे, पण पत्राचं नाव तेच राहिलं. ऑगस्ट २०१९ मध्ये सही केली. सही करताना फायनान्सर म्हणाला, “मॅडम, सिनेमा बघितला, आईची आठवण आली.” व्याज तेवढंच ठेवलं.

तारीख मिळाली २७ सप्टेंबर. गणपतीत आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मोठ्या सिनेमांची गर्दी, आमच्यासारख्याला शो कोण देणार? पण २७ ला पितृपक्ष संपत आलेला, सर्वपित्री दुसऱ्या दिवशी, घट रविवारी बसणार. पितृपक्षात कोणी शुभारंभ करत नाही, म्हणून पडदे रिकामे. वितरक म्हणाले, “वहिनी, बघा, तुम्ही मानत असाल तर.” मी म्हटलं, सिनेमातली म्हातारी शेवटी जातेच, पितरंच समजा. घरी हे बोलले नाही. ४१ चित्रपटगृहं मिळाली, दिवसाला ५८ शो. पुण्यात सकाळी सव्वादहा आणि दुपारी पावणेचार. पावणेचारला पुण्यात कोण उठलेलं असतं, हा विनोद तेव्हाही झाला.

गुरुवारी, २६ तारखेला संध्याकाळी कोथरूडला प्रीमियर होता. गावातून दोन बस यायच्या होत्या, सप्ताहाचे कंडक्टरदादा, शेळीचे मालक, शाळेतली पोरं. शेळीला आणू नका, असं तीनदा बजावलं होतं.

बुधवारी रात्री पाऊस सुरू झाला. पुण्यातल्या माणसाला ती रात्र वेगळी सांगायला नको. आंबिल ओढा फुटला, अरण्येश्वर, सहकारनगर, कात्रजकडे पाणी घरांत शिरलं, भिंती पडल्या, गाड्या काड्यांसारख्या वाहिल्या, माणसं गेली. तिकडे पुरंदरमध्ये कऱ्हेला पूर. आमचा कलादिग्दर्शक अरण्येश्वरजवळ तळमजल्यावर राहायचा. रात्री एकपर्यंत त्याचा फोन लागत होता, मग लागेना. पहाटे पाचला कुणाच्या तरी फोनवरून बोलला, गच्चीवर आहे, सगळे ठीक आहेत, खाली काही उरलेलं नाही.

सकाळी सातला मी वितरकांना फोन केला, पुढे ढकलता येईल का. नाही. शो लागलेले, जाहिराती गेलेल्या, प्रत्येक पडद्यावर सिनेमा उघडायची डिजिटल किल्ली त्या तारखांपुरती निघालेली, आणि व्हीपीएफ भरलेला. त्यांचंही बरोबर होतं. प्रीमियर रद्द केला. केटररला सांगितलेलं जेवण शाळेत थांबलेल्या लोकांकडे पाठवलं. दिवसभर कलादिग्दर्शकाच्या घरातला चिखल काढला. वहीत त्या दिवशीचं पान कोरं आहे.

शुक्रवारी सव्वादहाच्या शोला नऊ माणसं. त्यांत चार आमच्या घरची.

शनिवारी सर्वपित्री, रविवारी घटस्थापना, म्हणजे दोन्ही दिवस बाईमाणूस घरात. तरी रविवारी दुपारचा शो अर्धा भरला आणि मध्यंतरात एक आजी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “मिश्रीचं फार खरं दाखवलंय.” सोमवारी आकडे पाहून शो ५८ वरून २१ वर आले. बुधवारी २ ऑक्टोबर, गांधी जयंतीची सुट्टी, मोठा हिंदी सिनेमा लागला, आणि आम्ही उतरलो. पाच दिवस.

तिकिटाचंही सांगते. मल्टिप्लेक्सचं तिकीट १८० रुपयांचं. शंभराच्या वरच्या तिकिटावर त्या वर्षी १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण २७ गेले. उरलेल्या १५३ चे निम्मे चित्रपटगृहाचे. आपल्या वाट्याच्या ७६ मधून वितरकाचं दहा टक्के कमिशन. हातात येतात ६८-६९, आणि त्यातून तो व्हीपीएफ वजा करायचा. प्रेक्षक म्हणतो मी सिनेमावर १८० रुपये घालवले. खरं आहे, घालवले. सगळं वजा जाता थिएटरमधून आम्हाला ४ लाख ७० हजार मिळाले. संपूर्ण वर्षात एकच माणूस खूश होता, आमचे सदाशिव पेठेतले सीए. सिनेमा आर्थिक वर्ष संपायच्या नव्वद दिवस आधी लागला की निर्मितीचा पूर्ण खर्च त्याच वर्षी वजा मिळतो, तसा नियम आहे. “ताई, तारीख उत्तम निवडलीत,” म्हणाले.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. १९ तारखेपासून शूटिंगं थांबली. मालिकांच्या बँका पंधरा दिवसांत संपल्या आणि चॅनेलवाल्यांकडे नवं दाखवायला काही उरलं नाही. एप्रिलमध्ये एक फोन आला, गोव्याच्या ६३ कार्डांपैकी एक बाई. “तुमचा तो शेळीचा सिनेमा विकला गेलाय का?” टीव्ही आणि डिजिटल मिळून ३८ लाख ठरले. चार महिन्यांपूर्वी मी त्यांना तोच सिनेमा १५ ला देऊ केला असता. प्रक्षेपण मेमध्ये, पैसे नव्वद दिवसांनी, ऑगस्टमध्ये. तोवर फायनान्सरच्या व्याजाचे बारा महिने पूर्ण झाले, ९ लाख ३० हजार. मुद्दल धरून ४० लाख ३० हजार. म्हणजे ३८ लाख डावीकडून आले आणि उजवीकडे गेले, वर २ लाख ३० हजार थिएटरच्या पैशांतून घातले. उरलेले २ लाख ४० हजार पोस्टर-होर्डिंगवाल्यांना. लॅब लेटर सुटलं.

राज्य सरकार दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. परीक्षण समिती सिनेमा पाहते, गुण देते. तेव्हा ‘अ’ दर्जा असेल तर ४० लाख मिळायचे, ‘ब’ असेल तर ३०. आम्हाला ‘ब’ मिळाला. दिग्दर्शकाला वाईट वाटलं, मला नाही. कोविडमुळे सगळ्याच गोष्टी लांबल्या, पैसे २०२२ मध्ये आले. त्याच दुपारी २२ लाख वाटले. पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह खोडून पेनानं तारीख घातली. कॅमेरामननं फोन करून विचारलं, “मॅडम, चुकून आले का?” उरलेले आठ गुंतवणूकदारांना, ज्याचे पंधरा त्याला तीन, ज्यांचे दहा त्यांना दोन. डॉक्टरांनी चेक हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “म्हणजे परत येतात?” माझे २२ वहीत अजून डाव्या पानावर आहेत. टॉप-अपचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो.

एवढं करून पुन्हा का करते, असं विचारणारे खूप आहेत. नवराही विचारतो, पण तो जेवताना विचारतो, त्यामुळे उत्तर द्यावं लागत नाही.

गेल्या आठवड्यात दिग्दर्शकानं नवी संहिता पाठवली. तिसऱ्या पानावर म्हैस आहे. तिथपर्यंत वाचून बाजूला ठेवली. शुक्रवारी भोसरीला शूट आहे, अग्निशमन यंत्रं कशी वापरावीत, त्यांचा अ‍ॅडव्हान्स अजून जमा झालेला नाही आणि लाइटवाल्याला उद्या संध्याकाळपर्यंत निम्मे द्यायचे आहेत.